झाकले ते उरले

वाळूच्या झोताला अक्षर कळत नाही, आम्लाला नक्षी कळत नाही. समोर येईल ते खायचे, एवढेच दोघांना ठाऊक. बंगल्याच्या काचेच्या दारावरचा मोर, देवघरासमोरच्या पार्टिशनवरची वेल, ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीची कोनशिला, फाटकाजवळची काळ्या ग्रॅनाइटची पाटी या सगळ्यांत जे कसब दिसते ते कापण्यातले नाही, झाकण्यातले आहे. कुठे झाकायचे, कशाने झाकायचे, कोणते झाकण आधी उचलायचे आणि कोणते शेवटपर्यंत ठेवायचे, हे ज्याला नेमके कळते तो कारागीर. नुसती नळी धरून उभे राहणे कोणालाही थोड्या दिवसांत जमते.

म्हणूनच या पुस्तकाची मांडणी तांत्रिक पुस्तकांच्या नेहमीच्या मांडणीपेक्षा उलटी आहे. कॉम्प्रेसर, नोझल, हवेचा दाब, वाळूचा नंबर हे सगळे मागे ढकलले आहे. सुरुवातीची प्रकरणे कागद, ब्लेड, रबर आणि चिकट पट्टी यांच्यावर खर्ची पडली आहेत. यंत्रांच्या हौसेने पुस्तक हाती घेणाऱ्याचा थोडा हिरमोड होईल. एका वर्कशॉपमध्ये नव्या पोराला नळीजवळ फिरकू न देता म्हातारे मिस्त्री म्हणत होते, “बाळा, आधी सोलायला शीक, मग मारायला.” सोलणे म्हणजे काचेवर चिकटवलेल्या पट्टीतून नको तो भाग ब्लेडच्या टोकाने उचलून काढणे. पुस्तकाचा क्रम त्यांच्याकडूनच घेतला आहे.

झाकून कोरण्याची युक्ती यंत्रयुगाच्या फार आधीची. आजच्या अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात होहोकाम लोक साधारण हजार वर्षांपूर्वी समुद्रातून आणलेल्या शिंपल्यांवर सरडे आणि भौमितिक आकृत्या उठवत असत. आकृतीवर राळेसारखा चिकट थर द्यायचा आणि शिंपला निवडुंगाच्या फळाच्या आंबवलेल्या रसात बुडवून ठेवायचा. उघडा भाग त्या सौम्य आम्लात झिजे, झाकलेला उंच राही. पुरातत्त्वज्ञांनी बांधलेला अंदाज असा आहे. पुढे सोळाव्या शतकात दक्षिण जर्मनीतल्या कारागिरांनी झोल्नहोफेनच्या गुळगुळीत चुनखडकावर हेच केले. टेबलांच्या शिळांवर दिनदर्शिका, कुलचिन्हे, गाण्यांच्या स्वरलिपीसुद्धा त्यांनी आम्लाने उठवल्या. त्याच खडकावर अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोईस झेनेफेल्डर खटपट करत होता. अक्षर झाकून भोवतालचा दगड आम्लाने खोदायचा, हीच त्याच्या प्रयोगांची सुरुवात. त्यातून निघालेल्या शिळाछापाने पुढे पुण्याच्या चित्रशाळेची देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचवली. आपल्या आजोबांच्या माजघरातल्या तसबिरीचे आणि आपल्या दारावरच्या पाटीचे नाते असे लांबून का होईना, लागते.

वाळूच्या झोताचा इतिहास मात्र अगदी नेमका सांगता येतो. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्गमन याने ऑक्टोबर १८७० मध्ये त्याचे पेटंट घेतले. हा गृहस्थ अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेला सेनाधिकारी होता आणि पेशाने रसायनज्ञ होता. लाकडापासून कागदाचा लगदा करण्याची सल्फाइट पद्धतही त्याच्याच नावावर आहे. वाऱ्याने उडालेल्या वाळूने धुरकट झालेल्या खिडक्यांच्या काचा पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, समुद्रकिनारी राहणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही.

नवल आहे ते पुढे. वाफेच्या किंवा हवेच्या जोराने वाळू मारली की काच खरवडली जाते, इथवर ठीक. पण त्याच काचेवर एखादी नाजूक लेस पसरली किंवा नेच्याचे पान चिकटवले, तर लेसचा धागा शाबूत राहतो आणि त्याच्या जाळीतून दिसणारी काच खाल्ली जाते. जॉन टिंडॉल हे त्या काळचे नावाजलेले ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ. नायगारा धबधब्यावरच्या व्याख्यानात त्यांनी या यंत्राचे कौतुक केले ते याच गमतीमुळे. कारण असे: काच कठीण पण ठिसूळ. कण आदळला की त्या जागी बारीक तडा जातो आणि डोळ्याला न दिसणारी कपची उडते. अशा लक्षावधी कपच्या उडाल्या की पृष्ठभाग पांढुरका दिसतो. रबर दबते, कणाचा जोर पोटात घेते आणि त्याला परत उडवून लावते. कठीण पण ठिसूळ ते झिजते, लवचीक ते टिकते. दगडाचे कारागीर आजही ग्रॅनाइटवर जाड रबराचाच पत्रा चिकटवतात ते त्यासाठी. या शोधाचा पहिला मोठा उपयोगही दगडावरच झाला. यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या कबरींसाठी व्हरमाँटच्या संगमरवराच्या पाट्या हव्या होत्या. लोखंडी अक्षरे झाकण म्हणून मांडून त्यांवर वाळू मारली गेली.

आम्लाची बाजू वेगळी आहे, आणि खरे सांगायचे तर मला ती जास्त सुंदर वाटते. बहुतेक आम्ले काचेच्या बरणीत खुशाल वर्षानुवर्षे राहतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल राहत नाही. १७७१ मध्ये कार्ल विल्हेल्म शीले फ्लोरस्पार हे खनिज गंधकाम्लात तापवत होता, तेव्हा त्याचे काचेचे भांडेच खाल्ले गेले. काचेचा गाभा सिलिका, आणि हे आम्ल नेमके सिलिकेलाच विरघळवते. म्हणून पूर्वी ते मेणाच्या किंवा शिशाच्या भांड्यांत ठेवत, आता प्लास्टिकच्या. झाकणासाठी मेण, डांबर, काळा वार्निश. नुसत्या आम्लाने खोदलेली काच स्वच्छच राहते, फक्त तिची पातळी खाली जाते. तिला दुधी झाक हवी असेल तर आम्लात अमोनियमचे क्षार मिसळतात. मग काचेशी अभिक्रिया होऊन क्षारांचे सूक्ष्म स्फटिक तिच्या अंगावर बसतात. स्फटिकाखालची काच वाचते, आजूबाजूची झिजते. म्हणजे इथे झाकणसुद्धा रसायनच तयार करते, तेही इतके बारीक की माणसाच्या हाताला कधी जमले नसते. वाळूने केलेल्या धुरकट काचेवर तेलकट बोट लागले की डाग धरून बसतो. आम्लाच्या काचेचा पोत रेशमी असतो, ती त्या मानाने सहज पुसून निघते. स्वयंपाकघराच्या दाराला कोणती काच घ्यावी हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायला हवा, पण बहुधा तो विचारला जात नाही.

एकाच काचेवर झाकण बदलत बदलत पुन्हा पुन्हा आम्ल दिले की पांढऱ्याच्या चार-पाच छटा मिळतात. लंडनच्या जुन्या पबांच्या खिडक्यांत हे काम अजून पाहायला मिळते. फ्रान्समध्ये नान्सीच्या एमिल गालेने याच्याही पुढे जाऊन एकावर एक रंगांचे थर दिलेल्या काचेचे वरचे थर आम्लाने उतरवले आणि खालच्या रंगातून फुले, डहाळ्या, चतुर काढले. १९०४ मध्ये तो वारला. त्याची फुलदाणी हातात धरायला मिळाली नाही तरी एखाद्या संग्रहालयात तिला तिरक्या उजेडात पाहावे. कुठला थर कुठे संपतो, ते मग दिसते.

एवढे कौतुक करूनही या पुस्तकात आम्लाचे एकही प्रमाण दिलेले नाही. हे मुद्दाम केले आहे. सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्ल हातावर पडले तर तत्काळ भाजत नाही, तासन्‌तास काही जाणवतही नाही. तोवर ते कातडीखाली उतरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. मोठ्या जागेवर पडले तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावतात आणि रुग्णाला लगेच इस्पितळात नेतात. ते जेल ज्या खोलीत नाही, त्या खोलीत हे आम्ल असता कामा नये. घरगुती छंदासाठी मिळणाऱ्या पेस्टमध्येही फ्लोराइडचे क्षारच असतात. ‘क्रीम’ म्हणून विकली जाते म्हणून तिला कोल्ड क्रीमसारखे वागवू नये.

आता ज्याच्यासाठी मराठीत हे पुस्तक लिहावेसे वाटले त्या गोष्टीकडे येतो. स्टेन्सिलवरची जी परदेशी पुस्तके माझ्या पाहण्यात आली, ती सगळी रोमन अक्षरे गृहीत धरून लिहिलेली. त्यांत प्रत्येक अक्षर सुटे. आपले तसे नाही. शिरोरेषेने शब्द एका ओळीत टांगलेला असतो, आणि ही रेघच झाकणाचे सगळे गणित बदलते.

घराचे नाव ‘वसंत’ आहे असे धरा, आणि ते काळ्या ग्रॅनाइटमध्ये खोल कोरायचे आहे. म्हणजे अक्षराच्या जागेचे रबर सोलून काढायचे आणि भोवतालचे ठेवायचे. ‘व’चे पोट मुळातच बंद. ‘स’च्या पोटाला वरून शिरोरेषा झाकण घालते. म्हणजे या दोन पोटांतले रबराचे तुकडे बेटासारखे एकटे पडले. चारही बाजूंनी दगड खाली जाऊ लागला की झोताची हवा त्या बेटांच्या कडेखाली शिरते, कोपरा उचलते, आणि मिस्त्रीचे लक्ष जाण्याआधी बेट उडून जाते. मग ‘व’ हा अक्षराऐवजी खळगा होतो. ‘प’, ‘म’ यांची हीच कथा. ‘ब’ आणि ‘ष’ यांच्या पोटातून तर तिरकी रेघ जाते, त्यामुळे एकाची दोन बेटे, तीही नखाएवढी. आता उलटे करा: अक्षर उंच ठेवायचे आणि पार्श्वभूमी खोदायची. मग बेटांचा त्रास संपतो, शिरोरेषा सगळ्या शब्दाला धरून ठेवते, पण वरचा अनुस्वार एकटा पडतो. तो उडाला की सावंतांचे सावत होतात, आणि दगडाला खोडरबर नसते.

यावर उपाय आहेत. पोटे थोडी मोठी काढावीत. अनुस्वाराचा ठिपका छपाईत असतो त्यापेक्षा ठसठशीत ठेवावा, कारण झोत कडा खातोच. बेटांच्या कडांवर आधी नळी फिरवू नये, बाहेरून आत यावे. जाड-बारीक रेघांच्या सुलेखनी वळणाची गिऱ्हाइकाला भुरळ पडते, पण त्याची बारीक टोके तीन-चार मिलिमीटर खोलीवर टिकत नाहीत. पाटी मोठी नसेल तर सरळ सांगावे की हे वळण काचेवर वरवरच्या कामाला घ्या, दगडाला नको. पाथरवटांनी टाकीने कोरलेली जुनी अक्षरे ठोकळेबाज दिसतात. हत्यार आणि दगड यांना पेलेल तेवढेच वळण त्यांनी घेतले होते.

दुसरी भानगड संगणकाची. आता झाकण हाताने क्वचितच कापले जाते. ज्याला आपल्याकडे सरसकट ‘रेडियम’ म्हणतात त्या चिकट पट्टीवर प्लॉटरचे पाते फिरते. देवनागरीच्या टंकात शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. पडद्यावर ते दिसत नाही. प्लॉटर मात्र प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा इमानाने कापतो, त्यामुळे दर जोडावर शिरोरेषेत आडवे काप पडतात. सोलताना तिथे केसाएवढी चिंधी राहते, तिच्याखालची काच वाळू खात नाही, आणि तयार पाटीवर शिरोरेषा जागोजागी चिरलेली दिसते. कोरल ड्रॉमध्ये सगळी अक्षरे निवडून ‘वेल्ड’ केले की हे टळते. एवढीशी गोष्ट, पण गावोगावच्या दुकानांच्या काचांवर त्या चिरा पाहत चला म्हणजे कळेल की ती किती जणांना माहीत नाही. आणि काच मागच्या बाजूने करायची असेल तर सगळे उलटे कापायला हवे, हे वेगळे सांगायला नको. तरी सांगतो, कारण उलट्या ‘सुस्वागतम्’ची काच भंगारात गेलेली पाहिली आहे.

काचेच्या निवडीबद्दल एकच इशारा इथे देऊन ठेवतो. टफन्ड काचेवर खोल काम करू नये. तापवून झपाट्याने थंड केल्यामुळे तिच्या दोन्ही पृष्ठभागांत दाब कोंडलेला असतो. दहा मिलिमीटरच्या काचेत हा थर प्रत्येक बाजूला साधारण दोन मिलिमीटरचा. तो भेदला गेला की सगळी काच एका क्षणात खडीसारखी विखुरते. कापणे, भोके पाडणे, खोल कोरणे हे सगळे आधी, टफनिंग शेवटी.

दगडाच्या बाबतीत महाराष्ट्राला निसर्गाने थोडे अडचणीचेच दान दिले आहे. आपला काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. त्याने लेणी दिली, किल्ले दिले, वीरगळ दिले. पण त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी मऊ खनिजे भरलेली असतात. टाकी चालवणारा पाथरवट ती पाहून हात बदलतो. झोत मात्र मऊ भाग आधी खातो आणि अक्षराच्या तळाशी देवीचे व्रण उमटतात. एकसंध, बारीक कणांचा पाषाण निवडला तर काम छान होते, पण तो निवडायला खाणीवर जावे लागते. कोकणात आणि गोव्यात जांभा. त्यात बारीक अक्षर टिकतच नाही, म्हणून जांभ्याच्या भिंतीत वेगळ्या दगडाची पाटी बसवलेली दिसते. संगमरवर मऊ, पटकन कोरला जातो. पण तो चुनखडीचाच भाऊ, त्यामुळे लिंबाच्या रसानेही निस्तेज होतो. बाहेर उन्हापावसात त्याची धार काही वर्षांत बोथट होते. दक्षिणेतून येणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटने बाजार जिंकला तो त्याच्या कणखरपणापेक्षा रंगामुळे. पॉलिश केलेला भाग आरशासारखा काळा आणि मारलेला भाग राखाडी-पांढरा, म्हणजे रंग न भरताही अक्षर वाचता येते. त्यात सोनेरी रंग भरण्याची प्रथा मला आवडत नाही. पाच पावसाळ्यांत तो रंग सुटतो आणि पाटी जुन्या ट्रंकेसारखी दिसू लागते. पण गिऱ्हाईक मागते, कारागीर भरतो. कारागिराला पोट आहे.

दाबाचे आकडे पुढे तक्त्यात आहेत. ढोबळ मानाने काचेला ३० ते ५० पौंड पुरतात, ग्रॅनाइटला ९० ते १०० लागतात. वाळूऐवजी काय वापरायचे याचे मात्र तक्त्यात न टाकता पूर्ण प्रकरण केले आहे. त्याचे कारण इथेच सांगणे भाग आहे.

‘सँडब्लास्टिंग’ या नावात वाळू आहे, आणि तीच या धंद्यातली सर्वांत वाईट वस्तू आहे. नदीची वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ, म्हणजे सिलिका. आदळताना तिचा कण फुटतो. त्यातली जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात अडकते. जी दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथे कायमची राहते. होणाऱ्या रोगाचे नाव सिलिकोसिस. त्याला औषध नाही, आणि क्षयाला तो दार उघडून देतो. ब्रिटनने ब्लास्टिंगसाठी सिलिकेच्या वाळूवर १९४९ मध्येच बंदी घातली. तुर्कस्तानात जीन्सच्या पँटी विटलेल्या दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर वाळू मारणारी तरुण पोरे या रोगाने मरू लागली, तेव्हा २००९ मध्ये तिथेही बंदी आली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसला सूचनीय रोगांच्या यादीत घातले. मंदसोरचे पाटीच्या पेन्सिली करणारे आणि खंभातचे अकीक घासणारे कामगार यांच्यावरच्या वैद्यकीय पाहण्यांनी त्याची भीषणता दाखवून दिली. पण दोन माणसे, एक कॉम्प्रेसर आणि मागच्या बाजूला पत्र्याची शेड असे ज्याचे स्वरूप, त्या वर्कशॉपपर्यंत कारखान्यांचा कायदा पोहोचतच नाही. तिथे तोंडाला रुमाल बांधलेला असतो. रुमालाने ही धूळ अडत नाही.

पर्याय आहेत आणि ते परवडणारे आहेत. ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे कुरुंदाच्या जातीचे अपघर्षक, काठिण्य ९. वाळूच्या ७ पेक्षा जास्त. ते लवकर फुटत नाही, गाळून पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणून किलोचा भाव जास्त असूनही कामाचा भाव वाढतोच असे नाही. गार्नेट आहे. सिलिकॉन कार्बाइड आहे, काचेच्या खोल कामाला ते सर्वांत वेगवान. पण एवढ्याने निश्चिंत होऊ नये. अपघर्षक निर्धोक असले तरी ग्रॅनाइट कोरताना ग्रॅनाइटमधलाच सिलिका उडतो. म्हणून बंद केबिन, बाहेरून हात घालायचे हातमोजे, धूळ ओढणारा पंखा आणि फिल्टर हवाच. माणसाला आत उभे राहून काम करायचे असेल तर बाहेरून स्वच्छ हवा देणारे शिरस्त्राण लागते. नक्षी राखायला जो माणूस अर्धा दिवस रबर चिकटवत बसतो, तो स्वतःवर झाकण घालायला पाच मिनिटे काढत नाही, याचा मला राग येतो. मालकाचा जास्त येतो. त्या प्रकरणाचा सूर म्हणून इतरांपेक्षा कडक आहे. तो मऊ करण्याच्या सूचना आल्या होत्या, त्या मानल्या नाहीत.

मराठी माणसाला काच म्हटले की पैसा फंडाचा तळेगावचा कारखाना आठवतो, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आठवतो. काच घडवण्याची ती परंपरा मोठीच आहे. या पुस्तकाचा विषय त्यानंतरचा: कारखान्यातून सपाट निघालेल्या काचेला आणि खाणीतून चौकोनी निघालेल्या दगडाला गल्लीतला कारागीर काय करतो, हा. या कारागिरांची नोंद कुठे नाही. त्यांचे काम पाटीवर असते आणि पाटीवर नाव दुसऱ्याचे.

लेझरविषयी शेवटी थोडे, कारण तो प्रश्न येणारच. लेझरला झाकण लागत नाही. फाइल दिली की काळ्या ग्रॅनाइटवर आजोबांचा फोटो मिशीच्या केसासकट उतरतो. त्या कामात लेझरशी स्पर्धा करू नये, हरणारच. पण तो पृष्ठभागाशी खेळतो. बोट फिरवून वाचता येईल अशी चार-पाच मिलिमीटरची खोली, उतरती कडा, एकाच पाकळीत देठाकडे खोल आणि टोकाकडे उथळ होत गेलेली काच, हे अजून झोताचे राज्य आहे. पाकळ्या टप्प्याटप्प्याने सोलत, सर्वांत पुढची पाकळी आधी उघडून, मग तिच्या मागची, असे करत फूल कसे काढायचे ते सातव्या प्रकरणात आहे. ते प्रकरण वाचण्याआधी पहिल्या प्रकरणातला सराव मात्र करावा. त्याला कॉम्प्रेसर लागत नाही. पाच मिलिमीटरच्या साध्या काचेचा तुकडा, त्यावर चिकट पट्टी, नवे ब्लेड आणि आपले स्वतःचे नाव पुरे. नावात ‘ब’ असेल तर जास्त चांगले.